इथं कोणी शालिनी राहत नाही

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत जो कोणी येऊन बसतो, तो आधी घाबरलेला असतो आणि मग ग्राहक असतो. मी जबलपुरात राइट टाउनला करसल्लागाराचं काम करते. नवा धंदा काढणाऱ्यांची नोंदणी, परवाने, विवरणपत्रं, नोटिशींची उत्तरं, असं सगळं. तीसेक वर्षं झाली. आता काम निम्म्यावर आणलं आहे. संपादकांचा निरोप आला की धंदा सुरू करताना काय काय करावं लागतं ते लिहा, वाचकांना उपयोग होईल. उपयोगाचं मला ठाऊक नाही. भीतीबद्दल मात्र मी अधिकारानं लिहू शकते, कारण टेबलाच्या पलीकडे जेवढी असते तेवढीच ती अलीकडेही असते. मी मुळात भित्री बाई आहे. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी, सरकारी पाकीट आलं की आधी पाणी पिऊन मग ते फोडणारी. हल्ली पाकिटं येत नाहीत, मोबाइलवर संदेश येतो. पाणी मी अजूनही पिते.

लोक नेमके कशाला घाबरतात, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते कराला घाबरत नाहीत. ते नाव लिहून द्यायला घाबरतात. पनागरचे एक मटारवाले होते. सोललेला मटार गोठवून पाकिटात भरून विकायचा, असा त्यांचा चांगला बेत होता. दर हंगामात माझ्याकडे यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "दीदी, सब कर दो. बस मेरा नाम कहीं नहीं आना चाहिए." मी सांगायची, "भैया, नोंदणी म्हणजेच नाव. नाव नाही तर नोंदणी कशाची करू?" मग म्हणायचे, "तो छोटे भाई के नाम कर दो." आठवड्याने धाकटा भाऊ यायचा, त्याच खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "दीदी, भैया के नाम कर दो." मटार अजून पोत्यातून सुटाच विकून राहिले आहेत दोघं.

दुसऱ्या एक पुण्याच्या बाई. नवरा बँकेत, बदली होऊन इथे आले होते. बाईंना घरातच केक-बिस्किटांचं काम सुरू करायचं होतं. मी म्हटलं, "सगळ्यात आधी गुमास्ता काढून घेऊ." त्या एकदम सरसावून बसल्या. "छे छे, गुमास्ता कशाला? मी एकटीच करणार आहे. कारकून नकोच मला, हिशेब माझा मी ठेवीन." आमच्याकडे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीला सगळे गुमास्ताच म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार. मी हसले, त्या हसल्या, आणि तेवढ्या एका हसण्याने त्यांची भीती पळाली. असं फार कमी वेळा होतं.

तर बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. एकट्याने छोटा धंदा काढायचा तर त्यात काही आकाशपाताळ एक करावं लागत नाही. पॅन तुमचं असतंच. गुमास्ता काढायचा. खाण्याची वस्तू असेल तर अन्नपदार्थांची नोंदणी वेगळी, ती चुकवायची नाही. लघुउद्योग म्हणून उद्यमची नोंदणी करून घेतली तर बँक जरा प्रेमाने बोलते. मग धंद्याच्या नावाने चालू खातं. आणि मग जीएसटी. त्यात गोम अशी की आपल्याच राज्यात माल विकलात तर ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण कर लागणारा माल राज्याच्या सीमेपलीकडे पाठवलात की पहिल्या पुड्यापासून नोंदणी हवी. जबलपुरात बसून शेजारच्या सिवनीला चटणी पाठवा, कुणी विचारणार नाही. तीच चटणी आणखी थोडं पुढे नागपूरला पोचली की विचारणार. लोकांना हे पटत नाही. नागपूर आमचंच वाटतं ना.

उमा देशकर याच नागपूरपायी माझ्याकडे आली. घमापुरात गल्लीच्या आत सासूच्या नावावरचं दोन खोल्यांचं घर. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा, डोळे अधू झाले तसं ते काम सुटलं, आणि तो घरी बसला. मुलगी अकरावीत. उमा जवसाची चटणी, मेतकूट आणि मुगाच्या वड्या करून ओळखीत द्यायची. तिच्या नवऱ्याच्या मावसभावाने ती चटणी नागपूरच्या एका मोठ्या दुकानात चाखायला दिली आणि दुकानदाराने दिवाळीपासून दरमहा माल मागितला. अट एकच, पक्कं बिल हवं. बिल म्हणजे जीएसटी क्रमांक. तो नसेल तर दुकानदार दुसरी बाई बघणार होता. घरात दुसरी कुठलीच मिळकत उरलेली नव्हती, एवढं तिने मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

कागद बघितले. पॅन, आधार, बारावीची गुणपत्रिका, तिन्हीवर नाव शालिनी. बालाघाटच्या माहेरचं नाव. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून मुलगी त्या नावाची होते. उमा हे नाव सासूने निवडलं होतं. उमाच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली असतील. या वर्षांत घरी, गल्लीत, हळदीकुंकवात, मुलीच्या शाळेत, सगळीकडे ती उमा. शालिनी फक्त सरकारला ठाऊक. कायद्याने यात काही अडत नाही. कागदांवर एकच नाव असलं की झालं. धंद्याचं नाव आम्ही 'उमा गृहउद्योग' ठेवलं, जागा सासूची म्हणून तिचं सहमतीपत्र आणि वीजबिल लावलं.

सहमतीपत्रावर सही घ्यायला मी स्वतः गेले होते. देशकर काकू, म्हणजे उमाच्या सासूबाई, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बारीक, ताठ, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"घर तर नाही न जात माझं?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. तुमच्या घरात सून काम करून राहिली, त्याला तुमची हरकत नाही, एवढंच लिहिलंय."

"मग सरकारला काहून सांगायचं? मला हरकत नाही, हे मी तिलाच सांगते न."

मी पुन्हा समजावलं. उमा भिंतीशी उभी होती. शेवटी काकूंनी सही केली आणि पेन माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवून दिलं.

आता थोडं त्या दिवसांच्या हवेबद्दल सांगायला हवं. गरीब माणसाचं आधार आणि वीजबिल कसंतरी मिळवायचं, त्याच्या नावाने कागदावरच फर्म उभी करायची आणि खोटी बिलं फाडायची, असले प्रकार देशभर चालू होते. म्हणून नवी नोंदणी मागणाऱ्यावर, त्यातही गल्लीतल्या लहान घरातून मागणाऱ्यावर, यंत्रणा संशय घेते. संशय आला की अधिकारी न सांगता जागेवर येतो, फोटो काढतो, शेजारीपाजारी विचारतो. आमच्याच धंद्यातल्या एका सल्लागाराला त्याने भरलेल्या अर्जांतले काही अर्जदार सापडले नाहीत म्हणून चौकशीला बोलावलं होतं. तो खोटा नव्हता. पण परत आल्यावर तो आमच्याशी बोलेनासा झाला आणि त्याच्या केबिनचं शटर महिनाभर खाली होतं. तेव्हापासून मी अर्ज पाठवला की तो मंजूर होईपर्यंत नीट जेवू शकत नसे.

उमाच्या अर्जावर नोटीस आली. संदेश उघडायच्या आधी मी नेहमीप्रमाणे पाणी प्यायले. त्यात लिहिलं होतं की अधिकाऱ्याने जागेला भेट दिली, दिलेल्या पत्त्यावर राहणाऱ्या वृद्ध महिलेने शालिनी देशकर नावाची कोणीही व्यक्ती इथे राहत नाही असं सांगितलं, शेजाऱ्यांनाही हे नाव माहीत नाही, तरी अर्ज नामंजूर का करू नये. उत्तराला सात कामाचे दिवस.

खोटं का बोलू, पहिला विचार उमाचा नव्हता, त्या शटरचा होता. माझ्या अर्जातली बाई सरकारला सापडली नव्हती.

स्कूटर काढून तशीच घमापुरात गेले. उमा बाजारात गेली होती. काकू जातं झाकून ठेवत होत्या. मला वाटलं होतं, म्हातारीच्या ध्यानात राहिलं नसेल, वीस वर्षांपूर्वीचं नाव. मी विचारलं, "काकू, कुणी साहेब येऊन गेले का?"

"आले होते. घरी मी एकटीच होते. शालिनी कोण म्हणून विचारून राहिले होते."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, इथं कोणी शालिनी राहत नाही."

"अहो, शालिनी म्हणजे आपली उमा."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "ते मला माहीत नाही काय?" त्या म्हणाल्या. "नाव मीच बदललं तिचं."

मी खाली बसले. काकू उभ्याच होत्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या यजमानांचं गल्लीच्या तोंडाशी कापडाचं लहान दुकान होतं. विवरणं भरायची राहून गेली, नोटिशी आल्या, त्या त्यांनी घाबरून घरात कुणालाच दाखवल्या नाहीत. एक दिवस सरकारी माणसं आली, यजमानांचं नाव मोठ्याने विचारलं, आणि काकूंनीच दारातून उत्साहाने सांगितलं, हो हो, इथेच राहतात, बोलावते. दुकानाला सील लागलं. पुढे दंड भरून ते उघडलंही, पण यजमान त्या दुकानात पुन्हा बसले नाहीत, घरातच बसून राहिले ते शेवटपर्यंत.

"तेव्हा मी हो म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. "आता नाही म्हणून पाहिलं."

नाव लिहून द्यायला घाबरणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. दुसऱ्याचं नाव वाचवण्यासाठी ते दडवणारी ही पहिलीच.

उमा आली. मी तिला नोटीस वाचून दाखवली. तिने पिशवी खाली ठेवली आणि सासूकडे बघितलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसतं विचारलं, "ताई, आता काय करायचं?"

करायचं ते आम्ही केलं. शालिनी आणि उमा ही एकच व्यक्ती आहे, असं शपथपत्र नोटरीकडे करून घेतलं. तिथे बाकावर बसल्यावर उमा हळूच म्हणाली, "मीच मी आहे, हे यांना काय ठाऊक? हे तर मला पहिल्यांदाच पाहून राहिले." शिधापत्रिका, लग्नाचा दाखला, मुलीच्या शाळेतलं पत्र, जे जे सापडलं ते जोडलं. उत्तरात लिहिलं की गैरसमज झाला आहे, कृपया पुन्हा भेट द्यावी. पण कागद कितीही जोडले तरी एक गोष्ट त्यात येत नव्हती. जी बाई नाही म्हणाली होती, तिनेच हो म्हणायला हवं होतं. नाहीतर अर्ज नामंजूर, कारण काय, तर अर्जदार पत्त्यावर सापडत नाही. असा शेरा एकदा बसला की पुढचा प्रत्येक अर्ज त्या शेऱ्यासकट वाचला जातो, आणि नागपूरचा दुकानदार तोवर थांबणार नव्हता.

काकूंनी सरळ नाही म्हटलं. "मी आता साहेबासमोर येत नाही. सरकारशी खोटं बोलले मी. मला नेतील."

"नाही नेणार काकू."

"नक्की?"

माझ्या धंद्याचा एक नियम आहे, पक्कं ठाऊक नाही ते पक्कं सांगायचं नाही. "नेणार नाहीत, असं मला वाटतं," मी म्हणाले.

"वाटतं," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. उमा रोज कामं करत होती, जवस भाजत होती, जणू क्रमांक मिळालाच आहे. मुलगी शाळेतून आली की आधी गल्लीत गाडी उभी आहे का बघायची. उमाचा नवरा मला फोन करून विचारायचा, "ताई, शालिनीवर केस तर नाही होणार?" आणि मग चाचरत म्हणायचा, "म्हणजे उमावर." त्याच्याही तोंडात ते नाव बसत नव्हतं. मी दिवसातून कितीदा पोर्टल उघडून बघायची त्याचा हिशेब नाही. जेवताना ताटाशेजारी मोबाइल ठेवायची. आमच्या घरात म्हणायला लागले की अर्ज उमाचा आहे का हिचा.

शेवट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. नोंदणी मिळाली, दिवाळीचा माल नागपूरला पोचला, अजूनही जातो. पण हा अनुभव मी त्यासाठी लिहिलेला नाही.

अधिकारी दुसऱ्यांदा आला तेव्हा योगायोगाने मी तिथेच होते, दारावर लावलेल्या पाटीवरचा मजकूर बरोबर आहे का ते बघायला गेले होते. तिशीतला मुलगा, पाठीला बॅग, हातात मोबाइल. गल्लीतल्या दोघातिघा बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. उमा मागच्या अंगणात वड्या घालत होती. नवरा खुर्चीतून उठायला गेला तर त्याचा पाय अडखळला. मी पुढे होऊन बोलायला लागले, शपथपत्र, शिधापत्रिका, तर तो म्हणाला, "मैडम, कागज़ मैंने देख लिए हैं. मुझे अम्मा जी से पूछना है. पिछली बार इन्होंने मना किया था."

सगळ्यांनी आतल्या खोलीच्या पडद्याकडे बघितलं. मला खात्री होती की तो पडदा हलणार नाही. पण काकू बाहेर आल्या. चौकटीला धरलेला हात त्यांनी पदराखाली घेतला.

"अम्मा, शालिनी देशकर यहाँ रहती हैं?"

"रहती है."

"पर आपने तो कहा था कि यहाँ कोई शालिनी नहीं."

मला वाटलं, आता या म्हणतील की ऐकू आलं नाही, विसरले, म्हातारपण. मी मनातल्या मनात त्यांना तेच सुचवत होते. वकिली डोकं माझं.

"झूठ बोली थी," काकू म्हणाल्या. "डर गई थी मैं. लिखना है तो लिख लो."

त्या मुलाने मोबाइलवरचा अंगठा थांबवला. माझ्या डोळ्यांसमोर ते शटर येऊन गेलं. मग तो म्हणाला, "अम्मा, डर तो हमको भी लगता है. गलत फर्म पास हो गई तो पहले हमसे ही पूछते हैं." आणि जरा खालच्या आवाजात, "बुला दीजिए उनको. साथ में एक फोटो लेनी है बस."

काकू आतल्या बाजूला वळल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि थांबल्या. कुठल्या नावाने हाक मारायची, हे त्यांच्या मनात चाललं असणार. साहेब ऐकत होता, शेजारणी ऐकत होत्या. मग त्यांनी हाक मारली.

"शालिनी."

आवाज फुटलाच नाही नीट. आतून काही उत्तर आलं नाही. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. तिला त्या नावाने ओ द्यायची सवय राहिलेली नाही, हे मी त्याला कुठल्या कागदावर दाखवणार होते?

काकूंनी पदराखालचा हात बाहेर काढला, पडदा बाजूला केला आणि पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने, माहेरचं माणूस मारतं तशी लांबवून. "अगं शालिनी, ये गं."

मागच्या अंगणात ताट पडल्याचा आवाज झाला. उमा धावत आली. हात मुगाच्या वाटणाने भरलेले, पदर खोचलेला, केस सुटलेले. ती साहेबाजवळून गेली, माझ्याजवळून गेली, सासूच्या अंगाला घसटून गेली, आणि थेट बाहेरच्या दारात जाऊन गल्लीत इकडेतिकडे बघायला लागली. कोण आलंय ते शोधत होती. तिचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ नव्हता. या नावाने तिला हाक मारणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं.

"आप ही शालिनी हैं?" अधिकाऱ्याने मागून विचारलं.

ती वळली. उत्तर त्याला द्यायचं होतं, पण ती बघत होती सासूकडे.

"हो," ती मराठीतच म्हणाली. "मीच आहे, आई."